शुक्रवारचा खोका

शालनच्या नवऱ्याने, कचरूने, बत्तीस वर्षं खडकीच्या कारखान्यात खोके तपासले. खोक्याच्या आत काय आहे ते बघणारा विभाग निराळा होता. कचरूचं काम बाहेरचं. शिक्का उमटलाय का, तारीख आहे का, पट्टी नीट आवळलीय का, नंबर कागदाशी जुळतोय का. एवढं जुळलं की तो खडूने खूण करायचा आणि माल पुढे जायचा. निवृत्तीनंतरही ती खूण त्याच्या बोटांतून गेली नव्हती. दुधाची पिशवी आली, आधी तारीख. औषधाची बाटली आली, आधी बूच. कुणाची लग्नपत्रिका आली तरी नवरा-नवरीच्या आधी तो कोपऱ्यातलं छापखान्याचं नाव वाचायचा.

म्हणून त्या गुरुवारी दुपारी तो दुरुस्त झालेला कॉम्प्युटर घेऊन बोपोडीच्या घरी आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर तीच जुनी खूण उमटलेली होती. हातात पेढ्यांचा पुडा होता.

"चाळीस जीबीची दिली होती, ऐंशीची मिळाली," तो म्हणाला. "नवीकोरी डिस्क. सीलबंद. गॅरंटीतच होती आपली. मी म्हटलं होतं ना, गॅरंटीचं कार्ड जपून ठेव."

शालनने पेढा हातात घेतला, पण तोंडात टाकला नाही. "माझ्या ओव्या?" तिने विचारलं.

विचारलं म्हणजे काय, ओठ हलले आणि मधून वारा गेल्यासारखा आवाज निघाला. गेल्या श्रावणात तिच्या गळ्याची गाठ काढली होती. गाठ गेली, जीव राहिला, पण आवाज त्या गाठीबरोबर गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. दिवाळी आली, संक्रांत आली. आवाज आला नाही.

जालन्याकडल्या ज्या गावातून ती लग्न होऊन पुण्यात आली, तिथे पहाटे तिच्या आईच्या जात्यावर शेजारच्या चार घरच्या बाया दळायला येत. ज्वारी ओंजळीने आत जाई आणि ओवीने बाहेर येई. आईच्या मायेची ओवी, भीमरायाची ओवी, बंधूची ओवी, सासरच्या वाटेची ओवी. शालन नऊ वर्षांची असल्यापासून खुंट्याला हात लावून बसायची आणि बायांच्या सुरात आपला सूर मिसळायची. पुण्यात आली तेव्हा जातं आलं नाही. गिरणी होती. पण सूर आला होता. भांडी घासताना, पीठ चाळताना, रांगेत नळावर उभी असताना तो आपला आपण निघायचा.

तिच्या लेकीने, आम्रपालीने, हा सूर धरून ठेवला. आम्रपाली कॉम्प्युटर शिकली, नोकरीला लागली आणि पहिल्यांदा काय घेतलं तर घरी हा कॉम्प्युटर. पाठोपाठ कानाला लावायचा माइक आणला. वर्षभर दर रविवारी सकाळी दार लावून, पंखा बंद करून, शालनने एकेक ओवी म्हटली आणि आम्रपालीने तिला नंबर दिला. दोनशे बारा. सगळ्या एका पिवळ्या फोल्डरमध्ये. तेव्हा गळा शाबूत होता. आवाज असा, की पितळेच्या तांब्यावर पळीने अलगद वाजवावं.

मग आम्रपालीची बदली बंगळुरूला झाली. "पुढच्या खेपेला आले की सीडी करून ठेवते," ती म्हणाली होती. त्याआधी गाठ निघाली, आणि त्या मागून डिस्क टक् टक् करायला लागली.

"ओव्या असतील की आत," कचरू म्हणाला. "जाणार कुठं?"

शालनने कॉम्प्युटर लावला. लेकीने शिकवलं होतं तसं उंदराने टिचकी मारली. पडदा निळा, स्वच्छ, नुकत्याच सारवलेल्या अंगणासारखा. पिवळं फोल्डर नव्हतं. तिने सगळीकडे टिचक्या मारल्या. कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्रपाली ऑफिसला निघायच्या आत तिने फोन लावला. आईचा हा नवा, फुंकर मारल्यासारखा आवाज फोनवर ओळखणारी जगात एकच माणूस होती, ती आम्रपाली.

"आई, नवीन डिस्क म्हणजे कोरी पाटी गं. त्यात काही नसतं. जुनी कुठंय?"

"त्यांनी ठेवून घेतली."

आम्रपाली हळू म्हणाली, "ते लोक जुनी कंपनीला परत पाठवतात. कंपनी ती पुसून, दुरुस्त करून आणखी कुणाला देते. एकदा गेली की सापडणार नाही. आई, त्या जुन्या डिस्कमधून काही निघालं तरच निघेल. तीच हवी."

शालनने फोन ठेवला. कचरू पेपर वाचत होता.

"जुनी कधी पाठवतात?" तिने विचारलं.

"दर शुक्रवारी. बरोब्बर तीन वाजता खोका निघतो मुंबईला. सगळं पद्धतशीर आहे तिथं," कचरू कौतुकाने म्हणाला, आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे त्याचीच मान वळली. शुक्रवार होता. "पण त्याचं आता काय? नवीन दिली ना त्यांनी."

शालनने पायात चपला सरकवल्या. डोक्यात एक ओवी आपसूक जुळायला लागली होती, रागाची ओवी, जी आईच्या जात्यावर कधी कुणी म्हटली नव्हती.

*जुनं घेऊनी नवं देती, अशी दुकानाची रीत*
*लेक घेऊन बाहुली देती, वर म्हणती झालं हित*

मनपाच्या थांब्यावर बसमधून उतरून ती नव्या पुलावरून चालत शनिवार पेठेत आली तेव्हा बारा वाजून गेले होते. सुयोग सिस्टिम्स नावाचं दुकान एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होतं. जिना अरुंद, आणि जिन्याच्या तोंडाशीच पाटी: 'डेटाची जबाबदारी ग्राहकाची. डेटा म्हणजे काय, हे येथे समजावून सांगितले जाणार नाही.' कचरूने काल या पाटीचंही कौतुक केलं होतं. सुवाच्य आहे म्हणाला होता.

काउंटरवर नम्रता नावाची मुलगी होती. तिच्या ओढणीला पिनेने नावाचा बिल्ला लावलेला. समोर सहा-सात माणसं, कुणाच्या हातात कीबोर्ड, कुणाच्या काखेत टीव्हीला जोडायचा गेमचा डबा. शालनचा नंबर आला.

"काल आमच्या घरची डिस्क बदलली. जुनी परत पाहिजे."

"काय?" नम्रता म्हणाली. "आजी, जरा मोठ्याने."

आजी. शालन चोपन्न वर्षांची होती. तिने पुन्हा सांगितलं. पुन्हा वारा गेला.

"आजी, घरातलं कुणी बरोबर नाही का? बोलता येणारं?"

मागच्या माणसाने आपला गेमचा डबा काउंटरवर पुढे सरकवला. "मॅडम, माझं बघा आधी. पोरगं तीन दिवस जेवलेलं नाही. तुम्ही डिस्क बदलून दिलीत आणि सगळ्या लेव्हली उडाल्या त्याच्या."

शालनने त्याचा डबा बाजूला सारला. रागात माणसाचा हात मोठा होतो, आवाज मोठा होतो. तिला एकच पर्याय उरला होता. काउंटरवरच्या पावतीपुस्तकाच्या पाठीवर तिने पेन घेऊन लिहिलं. चौथीपर्यंतचं अक्षर, पण ठसठशीत: कचरू गणपत साळवे. कालची जुनी डिस्क परत द्या. नवी नको.

नम्रताने वाचलं. रजिस्टर काढलं. "नवीन दिलीय ना तुम्हाला? आणि तीही डबल. मग तक्रार काय आहे?"

नवीन दिलीय ना. सकाळपासून हे वाक्य तिच्या कानावर दुसऱ्यांदा येत होतं. शालनला वाटलं, आपण एका अशा गावात आलोय जिथे सगळे बोहारणीच राहतात. जुनं लुगडं घेतात, पातेलं देतात, आणि लुगड्याच्या पदराला काय बांधलं होतं ते कुणी विचारत नाही.

"ती डिस्क कुठंय?" तिने लिहिलं.

नम्रताने न बोलता हनुवटीने दाखवलं. दाराशी, भिंतीला टेकून, एक पुठ्ठ्याचा खोका. वर चारी बाजूंनी तपकिरी चिकटपट्टी, पट्टीवर शिक्के, शिक्क्यांवर सह्या. कचरूच्या स्वप्नात येत असेल असा खोका.

"सील झाला आता. उघडता येत नाही."

शालन गेली आणि खोक्यावर बसली.

आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. वयस्कर बाई, दमली असेल, बसली असेल. नम्रताने एक-दोनदा पाहिलं. गेमच्या डब्यावाला पावती घेऊन निघून गेला. अडीच वाजता खोका न्यायला टेम्पोवाला आला. पोपट त्याचं नाव, खिशाला चार पेनं आणि कानामागे एक.

"मावशी, उठा. माझा माल आहे."

शालनने मान हलवली.

"नाही काय? तीनला गाडी भरायचीय."

"न्या. माझ्यासकट न्या," शालन पुटपुटली. पोपटने कान जवळ नेला, ऐकलं आणि काउंटरकडे बघून म्हणाला, "मॅडम, या स्वतःला बुक करायचं म्हणतायत. वजन किती लिहू?"

काउंटरसमोरची माणसं हसली. नम्रता हसली नाही. ती आत गेली आणि सुदर्शनला घेऊन आली. दुकान त्याचं होतं आणि दुरुस्तीही तोच करायचा. तिशीचा, चष्म्याला बारका दिवा लावलेला, बोटांना धातूचा वास.

"काकू, हा कंपनीचा नियम आहे. डिस्कच्या बदल्यात डिस्क. खोका फोडला तर ते माझ्यावर येतं. आणि त्या डिस्कचं वाचणारं हेड गेलंय, त्यात काही उरलेलं नसेल. तुमच्या मिस्टरांनी सही केलीय."

"त्यांनी शिक्का बघून सही केली. आत काय आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं."

"काय म्हणालात?"

तो वाकला. आणखी वाकला. शेवटी गुडघ्यावर बसला, कारण त्याशिवाय ऐकूच येत नव्हतं. आणि शालनने त्याला सांगितलं. घाईने नाही, आर्जवानेही नाही. राग होता, पण राग ओरडून सांगायची सोय नव्हती, म्हणून तो एकेका शब्दात भरून सांगितला. आईचं जातं, लेकीचा माइक, वर्षभराचे रविवार. दोनशे बारा.

"बॅकअप नव्हता?" सुदर्शनने सवयीने विचारलं.

"नव्हता," शालन म्हणाली. "गळ्याचाबी नव्हता."

सुदर्शन उठून म्हणाला, "नवीन डिस्क परत आणावी लागेल. एकाच्या बदल्यात एकच. आणि मग गॅरंटी संपली. चालेल?"

"आणायला सांगते."

पण सांगणार कशी? कचरूला फोनवर तिचं बोलणं कधीच कळत नसे. कारखान्याच्या यंत्रांनी त्याचे कान अर्धे नेले होते. नम्रताने नंबर फिरवला आणि रिसीव्हर स्वतःच धरला. कचरू फोनवर नेहमी यंत्रं चालू असल्यासारखा बोलायचा, त्यामुळे पलीकडचं सगळ्या दुकानाला ऐकू येत होतं.

"काका, सुयोगमधून नम्रता बोलतेय. काकू इथे आहेत. नवीन डिस्क परत घेऊन या म्हणतायत."

"कशाला? चालतेय ती. ऐंशी जीबी आहे."

नम्रताने रिसीव्हरवर हात ठेवला. "ऐंशी जीबी आहे म्हणतायत."

"म्हणावं, ऐंशी पोती भुसा आणला घरात. दाणा नाही एक."

"काका, काकू म्हणतायत ऐंशी पोती भुसा आहे. दाणा नाही."

"तुम्ही कोण बोलताय?"

"नम्रता. काउंटरवरची."

"मग तुम्ही मला भुसा कशाला म्हणता?"

पोपट आता जिन्याच्या कठड्याला टेकून निवांत ऐकत होता. शालनने नम्रताला खुणेने वाकायला सांगितलं. तिच्या कानात बराच वेळ काही सांगितलं. नम्रताचा चेहरा बदलत गेला. तिने घसा साफ केला, डोळे मिटले आणि एका दमात बोलून टाकलं.

"त्या विचारतायत, की आम्रपालीच्या वेळी दवाखान्यातून तुम्ही दुसरंच लेकरू उचलून घरी आणलं असतंत, तर वजन जास्त भरलं म्हणून पेढे वाटले असतेत का?"

पलीकडे यंत्रं थांबली.

"आणि त्या म्हणतायत," नम्रता पुढे बोलली, आणि हे शालनने सांगितलं होतं की तिचं तिलाच सुचलं होतं ते कुणाला कळलं नाही, "तुम्हाला त्यांचा आवाज आठवतो का, आधीचा?"

"घेऊन येतो," कचरू म्हणाला. इतक्या हळू, की दुकानाला ऐकू आलं नाही. फक्त नम्रताला.

पोपटने वेळ संपल्याचं घड्याळात बघितलं, नाकातून एक सुस्कारा सोडला आणि चहा सांगितला. "गाडी उशिरा सुटली म्हणून काय आकाश पडत नाही," तो म्हणाला. "बसा मावशी. आरामात बसा."

कचरू रिक्षाने आला. डिस्क सुट्टी काढता येईना म्हणून अख्खा कॉम्प्युटरचा डबाच मांडीवर घेऊन. जिना चढताना त्याला धाप लागली होती. शालन खोक्यावरून उठली, आणि सुदर्शनने कात्रीने पट्टी कापली. शिक्का मधोमध फाटला. कचरूने मान दुसरीकडे वळवली, जशी लहान पोराला टोचताना बाप वळवतो.

आत चौदा डिस्का होत्या. सगळ्या सारख्या, चपट्या, राखाडी, बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या. चौदा घरची. शालनला वाटलं, आणखी कुणाकुणाचं काय काय असेल यांत, आणि त्यांना कुणी सांगितलंही नसेल. कुणाच्या बारशाचे फोटो, कुणाचा अर्धा राहिलेला हिशेब, त्या न जेवलेल्या पोराच्या लेव्हली. कंपनी पुसणार आणि कोरं करून आणखी कुणाच्या घरी देणार. आणि पाटी मात्र सुवाच्य.

कचरूने खिशातून पावती काढली, पण ती उघडलीच नाही. नंबर त्याला पाठ होता. अकरा आकडे त्याने न अडखळता म्हटले. सुदर्शनने चौदातली एक बाहेर काढली.

मग फॉर्म आला. 'ग्राहकाने स्वेच्छेने गॅरंटी सोडली आहे.' कचरूने आयुष्यात कधी कशाची गॅरंटी सोडली नव्हती. तिसऱ्या वर्षी बंद पडलेल्या छत्रीचीसुद्धा नाही. त्याने सही केली. तारीख टाकायला विसरला, आणि नम्रताने ती स्वतः टाकली.

सुदर्शनने जुनी डिस्क आपल्या मशीनला लावली. टक् टक्. काही दिसेना. त्याने काढली, पुन्हा लावली. आडवी ठेवली, उभी धरली, थंड टेबलावर पालथी घातली. पोपट बाकीच्या तेरा डिस्का नव्या पट्टीत बांधून निघून गेला. पाच वाजले. दुकानात ग्राहक येत होते, जात होते, आणि शालन स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसली होती, जणू आत कुणाचं बाळंतपण चाललंय.

साडेपाचच्या सुमाराला पडद्यावर ते पिवळं फोल्डर आलं.

नंबर एकामागून एक उतरू लागले. एक. दोन. सात. बावीस. अठ्ठेचाळीस. छप्पन्न. अठ्ठावन्न. मग एक लांब कर्र असा आवाज आला, जात्याच्या दोन पाळ्यांत खडा आल्यासारखा, आणि डिस्क गप्प झाली. सुदर्शनने तासभर खटपट केली. ती पुन्हा बोलली नाही.

"अठ्ठावन्न," तो म्हणाला. त्याने त्या दोन सीडींवर उतरवल्या, एक जास्तीची. "सॉरी काकू. काल आणली तेव्हाच मला विचारायला हवं होतं. मी कुणालाच विचारत नाही."

"पाटी लावलीय ना," शालन म्हणाली. "मग कशाला विचाराल."

त्याने ते नीट ऐकलं, कारण आता त्याला तिचं बोलणं ऐकायची सवय झाली होती.

"एक वाजवून बघूया?" नम्रताने विचारलं. तिचे डोळे चमकत होते.

"इथं नको," शालन म्हणाली.

मनपाहून बोपोडीची बस मिळाली. कचरूच्या मांडीवर कॉम्प्युटरचा डबा होता, त्यात आता जुनी नाही आणि नवीही नाही. शालनच्या पिशवीत गप्प झालेली जुनी डिस्क आणि दोन सीडी होत्या, आणि घरी सीडी वाजवायला काही नव्हतं. ती खिडकीबाहेर बघत होती. अठ्ठावन्नपर्यंत आईच्या ओव्या आणि भीमरायाच्या. बंधूच्या ओव्या एकोणसाठपासून होत्या. त्या गेल्या. सासरच्या वाटेच्या गेल्या. लेकीच्या गेल्या, ज्या म्हणताना समोर लेक बसलेली होती.

"शब्द तर तुला पाठच आहेत," कचरू म्हणाला. "आम्रपाली आली की दुसऱ्या कुणाकडून..."

तिने त्याच्याकडे अशी नजर टाकली, की पुढचं वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं. शिवाजीनगर गेलं. वाकडेवाडी गेली. तो डब्यावर बोटांनी ठेका धरत होता आणि थांबत होता. मग, तिच्याकडे न बघता, समोरच्या सीटच्या पत्र्याकडे बघत, जाड्याभरड्या आवाजात त्याने सुरू केलं. इतकी वर्षं पेपरमागे बसून जे कानावर पडलं होतं ते.

"उन्हाच्या गं पारामंदी, माझी सावली झाली कोण..."

पुढच्या सीटवरच्या बाईने वळून पाहिलं. कचरूचे कान लाल झाले, पण तो थांबला नाही.

"बंधूचं गं उपरणं, वाटेवरलं लिंबबन."

शालनचा राग, जो सकाळपासून पोटात होता आणि अजून तसूभरही निवला नव्हता, त्याला आता बाहेर पडायला एक जागा मिळाली. तिने त्याच्या दंडाला घट्ट चिमटा काढला.

"पागोटं," ती म्हणाली. "उपरण्याची सावली पडेल कुठवर? पागोटं म्हणा. आणि 'कोण'वर एवढं लटकू नका, दळण थांबतं."

"पागोटं," कचरू म्हणाला.

"पहिल्यापासून."